करंजीला शिट्टी नसते

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. घरात हापूस आंब्यांची पेटी उघडलेली होती. नववीत शिकणाऱ्या माझ्या मुलीने सहज विचारले, "दिवाळीत आपण खोबऱ्याच्या करंज्या करतो, मग आंब्याच्या का करत नाही?" प्रश्न मला फार आवडला. मी लगेच आंब्याच्या बारीक फोडी केल्या, त्यांत साखर मिसळली आणि पातेले आईपुढे ठेवले. आई म्हणाली, "अरे, याला रस सुटेल. आधी आटवून तरी घे." महाविद्यालयात वीस वर्षे उष्णता हा विषय शिकवणाऱ्या मला तेवढी सबुरी नव्हती. आटवले तर ताज्या फळाची चव जाईल, असे काहीतरी सांगून मी त्या फोडीच करंज्यांत भरायला लावल्या.

पहिली करंजी तेलात टम्म फुगली. दुसरीच्या कडेतून रस पाझरू लागला आणि तेल तडतडले. तिसरी मात्र फट्‌कन फुटली. रस तेलात सांडला आणि उडालेले तेल आईच्या मनगटावर पडले. आम्ही गॅस बंद केला आणि तिचा हात नळाखाली धरला. जखम भरली, पण डाग अजून आहे.

त्या संध्याकाळी मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि जो हिशेब सकाळी करायला हवा होता तो केला. त्यासाठी लागणारे सगळे नियम शाळेच्या आणि अकरावीच्या पुस्तकात आहेत. तो हिशेब आज तुमच्यापुढे मांडतो. शेवटी न फुटणारी करंजी कशी करायची, तेही पाहू.

करंजी कोणी फोडली? हवेने की वाफेने?

बहुतेक जण सांगतील की करंजीतली हवा तापली, प्रसरण पावली आणि करंजी फुटली. हे उत्तर तपासून पाहू.

करंजी भरताना आतल्या हवेचे तापमान ३० अंश सेल्सिअस, म्हणजे ३०३ केल्विन होते असे धरा. ती १०० अंशांपर्यंत, म्हणजे ३७३ केल्विनपर्यंत तापली. चार्ल्सच्या नियमाप्रमाणे तिचे आकारमान ३७३ ÷ ३०३, म्हणजे सुमारे १.२३ पट होईल. वाढ झाली ती फक्त २३ टक्के. एवढ्याने करंजी थोडी फुगेल, पण फुटायचे कारण नाही.

आता पाण्याकडे वळू. १८ ग्रॅम पाणी म्हणजे एक मोल. एक मोल वायू ० अंशावर आणि वातावरणाच्या दाबाखाली २२.४ लिटर जागा व्यापतो. १०० अंशांवर हीच जागा २२.४ × ३७३ ÷ २७३, म्हणजे सुमारे ३०.६ लिटर होते. याला १८ ने भागा. १ ग्रॅम पाण्याची वाफ सुमारे १.७ लिटर जागा मागते! पाणी असताना तेच १ ग्रॅम जेमतेम १ घनसेंटिमीटर जागेत मावत होते.

करंजीच्या पोटातली जागा ३० घनसेंटिमीटर धरू. ती वाफेने भरून टाकायला किती पाणी पुरेल? ३० ÷ १७०० म्हणजे सुमारे ०.०१८ ग्रॅम. ड्रॉपरचा एक थेंब साधारण ०.०५ ग्रॅमचा असतो. म्हणजे थेंबाच्या एक तृतीयांशाएवढे पाणी पुरे! आणि मी प्रत्येक करंजीत सतरा-अठरा ग्रॅम आंबा भरला होता.

आता समजा, करंजी पूर्ण बंद आहे आणि तिची पारी मुळीच ताणली जात नाही. १०० अंशांवर आतल्या हवेचा दाब १.२३ वातावरण आणि वाफेचा दाब १ वातावरण, मिळून २.२३ वातावरण होईल. बाहेरचा १ वजा केला की १.२३ उरतो. दर चौरस सेंटिमीटरवर हा सुमारे १.२७ किलोग्रॅम वजनाचा भार झाला. १० सेंटिमीटर व्यासाच्या पुरीपासून केलेल्या करंजीची एक बाजू ३९ चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे त्या बाजूवर एकूण भार सुमारे ५० किलोग्रॅम वजनाचा, जवळजवळ एका माणसाइतका!

प्रत्यक्षात दाब इतका चढत नाही, कारण त्याआधीच पारी ताणली जाते, थोडी वाफ बाहेर झिरपते, आणि तेही पुरेसे झाले नाही तर सर्वांत कच्ची जागा, म्हणजे कड, उघडते. प्रेशर कुकरमध्येही आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण एका वातावरणानेच जास्त असतो. पण कुकर जाड धातूचा असतो आणि त्याला शिट्टी असते. करंजीला शिट्टी नसते.

खोबऱ्याची करंजी का फुटत नाही?

माझ्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर येथेच मिळते. सुक्या खोबऱ्यात पाणी फार तर ५ टक्क्यांच्या आसपास असते. आंब्याच्या गरात ते ८० टक्क्यांहून थोडे अधिक, सफरचंदात व अननसात सुमारे ८५ टक्के आणि केळ्यात सुमारे ७५ टक्के असते. ओल्या नारळाच्या करंजीचे सारणसुद्धा गूळ किंवा साखर घालून कोरडे होईपर्यंत शिजवतात, कच्चे भरत नाहीत.

फळे भरलेल्या अशा करंज्या इतर देशांतही होतात. अमेरिकेच्या दक्षिण भागात सफरचंद किंवा पीच या फळांचे सारण अर्धगोल पारीत भरून ते तळण्याची जुनी पद्धत आहे. तेथील गृहिणी यासाठी ताजी फळे न वापरता उन्हाळ्यात वाळवून ठेवलेल्या फोडी वापरत. त्या थोड्या पाण्यात मऊ शिजवायच्या, घोटायच्या आणि घट्ट गोळा झाला की भरायच्या. फळे वाळवण्याचा मूळ हेतू ती टिकवण्याचा, पण तळताना त्याचा असाही उपयोग झाला. आपल्याकडची आंबापोळी आणि आटवलेला आमरस याच जातीचे. आईचे "आधी आटवून घे" हे शब्द तोच अनुभव सांगत होते.

किती आटवायचे? तराजूला विचारा

आपल्याला सोळा करंज्या करायच्या आहेत. आंब्याचा गर ४०० ग्रॅम आणि साखर १०० ग्रॅम घेऊ. गरात ८० टक्के पाणी धरले तर पाणी ३२० ग्रॅम आणि घन भाग ८० ग्रॅम. त्यात साखर मिळवली की घन भाग १८० ग्रॅम झाला. आटवताना फक्त पाणी जाते, घन भाग तेवढाच राहतो. सारणात घन भाग ७५ टक्के हवा असेल तर एकूण वजन १८० ÷ ०.७५, म्हणजे २४० ग्रॅम व्हायला हवे.

म्हणून रिकामे पातेले आधी तोलून त्याचे वजन लिहून ठेवा. मिश्रण ५०० ग्रॅमवरून २४० ग्रॅमवर आले की थांबा. तराजू नसेल तर उलथन्याने पातेल्याच्या तळावर रेघ ओढा. रेघ लगेच बुजली नाही आणि मिश्रण कडा सोडून गोळा होऊ लागले, की सारण तयार समजावे.

या कामाला इतका वेळ का लागतो? आपल्याला २६० ग्रॅम पाण्याची वाफ करायची आहे. पाण्याच्या बाष्पीभवनाची अप्रकट उष्णता दर ग्रॅमला सुमारे ५४० कॅलरी आहे. म्हणजे सुमारे १ लाख ४० हजार कॅलरी लागतील. एवढ्या उष्णतेत दोन लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीपर्यंत गेले असते! पातेले पसरट घ्या, म्हणजे वाफ निघायला पृष्ठभाग जास्त मिळेल, आणि सतत ढवळा. घट्ट होत आलेले सारण रटरटते आणि त्याचे शिंतोडे अंगावर उडतात, म्हणून शेवटी आच मंद करा.

पण पाणी तर अजून आहेच!

चौकस विद्यार्थी येथे मला अडवील. २४० ग्रॅम सारणात अजून ६० ग्रॅम पाणी आहे. सोळा करंज्यांत वाटले तर प्रत्येकीत पावणेचार ग्रॅम येते. फुटायला ०.०१८ ग्रॅमच पुरे असेल, तर हे दोनशे पटींनी जास्त झाले. मग ही करंजी का फुटू नये?

आक्षेप बरोबर आहे. नुसते पाण्याचे प्रमाण पाहून भागत नाही. ते किती वेगाने वाफ होते आणि ती वाफ किती वेगाने बाहेर पडते, हे पाहावे लागते. येथे तीन गोष्टी आपल्या बाजूने उभ्या राहतात.

पहिली गोष्ट, उत्कलनबिंदू. पाण्यात साखर विरघळली की त्याचा उत्कलनबिंदू वाढतो. जॅम तयार होतो तेव्हा तो सुमारे १०४ ते १०५ अंशांवर उकळत असतो. आपले सारण त्याहून घट्ट आहे, म्हणून ते आणखी वरच्या तापमानाला उकळेल.

दुसरी गोष्ट, उष्णतेचा प्रवास. पातळ रसात अभिसरण होते. तापलेला रस वर जातो, थंड रस पारीला येऊन भिडतो आणि पाहता पाहता सगळा रस तापतो. घट्ट सारण हलत नाही. तेथे उष्णता केवळ वहनाने आत शिरते आणि हे काम फार संथ असते. चार मिनिटांत ती जेमतेम अर्धा सेंटिमीटर आत पोचते. शिवाय जाडी दुप्पट केली तर लागणारा वेळ चौपट होतो. पारी तळून होईपर्यंत सारणाचा गाभा उकळीपासून दूरच राहतो. सारण आधीच शिजलेले असल्यामुळे तो उकळायची गरजही नसते. थोडी थोडी तयार होणारी वाफ पारीच्या सूक्ष्म छिद्रांतून निघून जाते.

तिसरी गोष्ट, कड. सुटलेला रस थेट कडेपर्यंत जातो आणि चिकटवलेले पदर सैल करतो. घट्ट सारण असते तेथेच बसते. या घट्टपणाला मदत म्हणून निवलेल्या सारणात ४० ग्रॅम भाजलेला बारीक रवा मिसळावा. तो उरलासुरला रस शोषून घेतो.

पारी आणि साटा

मैदा १०० ग्रॅम, बारीक रवा १०० ग्रॅम, चिमूटभर मीठ आणि ३० ग्रॅम कडकडीत तुपाचे मोहन एकत्र चोळा. मग लागेल तसे दूध किंवा पाणी घालून घट्ट भिजवा आणि ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा. गव्हाच्या पिठातली प्रथिने पाण्याशी मिळून ग्लुटेनचे लवचिक जाळे बनवतात. नुकत्याच मळलेल्या पिठात हे जाळे ताणलेल्या रबरासारखे असते, म्हणून लाटलेली पुरी आक्रसते. अर्ध्या तासात ताण सैल होतो आणि रवाही भिजतो. मोहनाचे तूप पिठाच्या कणांवर पातळ थर देऊन हे जाळे फार चिवट होऊ देत नाही. म्हणून पारी खुसखुशीत होते.

साट्यासाठी ३० ग्रॅम तूप फेसून त्यात २० ग्रॅम तांदळाची पिठी मिसळा. भिजवलेल्या पिठाच्या तीन पोळ्या लाटा, एकेकीवर साटा फासून त्या एकावर एक ठेवा, घट्ट वळकटी करा आणि सोळा लाट्या कापा. वळकटीचे चार वेढे पडले असतील तर मध्यापासून कडेपर्यंत बारा थर होतात. तळताना पिठातल्या पाण्याची वाफ होते. मध्ये तुपाचा पडदा असल्याने थर एकमेकांना चिकटत नाहीत आणि वाफ त्यांना दूर सारते. हेच करंजीचे पापुद्रे. म्हणजे पारीत जी वाफ आपले काम करते, तीच पोटात कोंडली की घात करते.

भरणे आणि तळणे

सारण पूर्ण गार झाल्यावरच भरा. गरम सारणाने पारीतले तूप वितळते आणि कड चिकटत नाही. पुरी साधारण १० सेंटिमीटर व्यासाची लाटा, कडेला किंचित पातळ ठेवा. मध्ये एक मोठा चमचा, म्हणजे सुमारे १७ ग्रॅम, सारण ठेवा. अर्ध्या कडेला दुधाचे बोट फिरवा, पुरी दुमडा, पोटातली हवा बोटांनी हलकेच बाहेर काढा आणि मग कड दाबा. सारणाचा कणही कडेत येऊ देऊ नका. कातण्याने कापण्यापेक्षा मुरड घालणे चांगले. साध्या कडेला आतला दाब एका रेषेवर सोलून काढू पाहतो. मुरड घातली की कड स्वतःवरच अनेकदा दुमडली जाते आणि सोलण्याला सरळ रेषा मिळत नाही.

तळण्याचे काम मात्र घरातल्या मोठ्या माणसांनीच करावे. तेल सुमारे १६० अंशांवर असावे. पिठाची गोळी टाकली असता ती सावकाश बुडबुडे सोडीत वर आली पाहिजे. करंजीभोवतीचे बुडबुडे म्हणजे पारीतून निघणारी वाफ. बाहेर पडणारी ही वाफ तेलाला आत शिरू देत नाही. बुडबुडे कमी झाले की पारीतले पाणी संपत आले असे समजा. पाणी आहे तोवर पारीचे तापमान १०० अंशांच्या फार पुढे जात नाही. ते संपल्यावर ती आणखी तापते आणि मग प्रथिने व शर्करा यांच्यातील क्रियेने तिला बदामी रंग चढतो. या क्रियेचे वर्णन फ्रेंच शास्त्रज्ञ मेयार यांनी १९१२ साली केले.

करंजी बाहेर काढली की पारीच्या छिद्रांतली वाफ थंड होऊन तिचे पाणी होते, दाब घटतो आणि पृष्ठभागावरचे तेल आत ओढले जाते. पुष्कळसे तेल करंजी निवताना आत शिरते. म्हणून ती लगेच झाऱ्यावर निथळा आणि कागदावर उभी ठेवा. खायला पंधरा मिनिटे थांबा. पारी हाताला गार लागली तरी संथ वहनामुळे सारण पोळण्याइतके गरम राहते. फळांच्या करंज्यांत पाणी जास्त असल्याने त्या दोन दिवसांत संपवाव्यात.

करून पाहा

हा प्रयोग तळून नव्हे, तर भाजून करायचा आहे. शिक्षकांना तो वर्गासाठी सहज योजता येईल. सारख्या वजनाच्या पारीच्या तीन करंज्या करा. 'क' मध्ये आटवलेले सारण, 'ख' मध्ये तेवढ्याच वजनाच्या आंब्याच्या ताज्या फोडी, आणि 'ग' मध्ये 'ख'प्रमाणेच फोडी भरा. 'ग'च्या वरच्या बाजूला सुरीने दोन छोट्या चिरा द्या. तिन्ही तोलून वजने लिहा. ओव्हनमध्ये १८० अंशांवर २० ते २५ मिनिटे भाजा आणि निवल्यावर पुन्हा तोला.

प्रत्येकीचे वजन किती घटले? किती लिटर वाफ गेली? कोणाची कड सुटली? 'क' आणि 'ख' मध्ये फक्त सारण बदलले आहे, 'ख' आणि 'ग' मध्ये फक्त चिरा. एका वेळी एकच गोष्ट बदलली म्हणजे अनुमान काढता येते. भाजताना उष्णतेला आतपर्यंत पोचायला वेळ मिळतो, म्हणून अशा पदार्थांना चिरा देतात. तीच त्यांची शिट्टी. तळताना ही सोय नाही, कारण चिरेतून रस तेलात उतरेल.

हे विसरू नका

पाणी तेलापेक्षा जड असते. तापलेल्या तेलात पडलेला रस खाली बुडतो, क्षणात त्याची वाफ होते आणि शेकडो पटींनी फुगणारी ती वाफ वरचे तेल उडवते. म्हणून कढईतल्या तेलाने पेट घेतला तर त्यावर पाणी कधीही टाकू नये. जमत असेल तर गॅस बंद करून कढईवर झाकण ठेवावे. अंगावर तेल उडाल्यास तो भाग वीस मिनिटे नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली धरावा. बर्फ, हळद, टूथपेस्ट लावू नये. भाजणे मोठे असेल तर लगेच डॉक्टरांकडे जावे.

पुढच्या रविवारी आम्ही आईच्या देखरेखीखाली सोळा करंज्या केल्या. ढवळायचे काम माझ्याकडे होते. मी तिला दोनशे चाळीस ग्रॅमचा हिशेब समजावून सांगितला. तिने तो शांतपणे ऐकला, उलथन्याने पातेल्यात रेघ ओढली आणि म्हणाली, "अजून पाच मिनिटं." तराजूवर मिश्रण २५२ ग्रॅम भरले. सोळापैकी एकीची कड सुटली. तिची मुरड मी घातली होती.

विचार करा

१. सफरचंदाचा गर ३०० ग्रॅम (पाणी ८५ टक्के) आणि साखर ७५ ग्रॅम घेतली. घन भाग ७५ टक्के हवा असेल तर मिश्रण किती ग्रॅमपर्यंत आटवावे?

२. कॉर्नफ्लोअर घालून रस दाट केला तर सारणातले पाणी कमी होते का? मग त्याचा फायदा कोणता आणि तोटा कोणता?

३. टम्म फुगणारी पुरी, लाटताना भोक पडले तर का फुगत नाही?

(पहिल्या प्रश्नाचे उत्तर : १६० ग्रॅम. उरलेल्या दोहोंची उत्तरे स्वयंपाकघरात शोधा.)